माशांच्या आधी विरजण लावा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती ॲक्वापोनिक्सवर तुम्ही अख्खं पान दिलं होतं, खाली मासे वर भाजी, ना माती ना खत, ९० टक्के पाणी वाचतं, आणि फोटोत एक बाई गच्चीवर पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये लेट्युसचा गड्डा हातात धरून हसताहेत. लेख वाईट नव्हता, खोटं पण काही नव्हतं त्यात. पण तो वाचून आमच्या गल्लीतल्या तिघीजणी दोन दिवसात माझ्याकडे येऊन गेल्या, कारण आमच्या मागच्या अंगणात हे प्रकरण नऊ महिन्यांपासून चालू आहे हे सगळ्यांना माहितीये, आणि तिघींनीही एकच विचारलं, टाकी भरून मासे सोडले की किती दिवसात भाजी मिळते? म्हणून लिहायला बसले. मला सुरुवातीला जे कुणी सांगितलं नाही ते तुमच्या लेखातही नाही, आणि सोलापुरात हे करायचं तर तेच आधी माहीत पाहिजे.

मी काही तज्ज्ञ नाही हे आधीच सांगते. घरी बसून दोन टॉवेल कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघते, मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रोसेस हाऊसला सुपरवायझर आहेत. हे खूळ मुलाचं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीच्या सुट्टीत आला तो मोबाईलवर व्हिडिओ बघतच आला, चिवडा संपायच्या आत पाईप, टाकी, पंप सगळं आणून जोडलं आणि सुट्टी संपल्यावर बॅग उचलून गेला. मासे माझ्या गळ्यात.

पहिल्यांदा तो एक जुना निळा ड्रम घेऊन आला होता. आपल्याकडे असे ड्रम ढिगानं मिळतात, टॉवेल-चादरीच्या प्रोसेसिंगचं केमिकल त्यातनंच येतं ना. मिस्टरांनी गेटातूनच ओळखलं, म्हणाले लेबल फाडलेला ड्रम म्हणजे आत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, कितीही धू, प्लॅस्टिकनं एकदा पिलेलं सोडत नाही ते, जा परत देऊन ये. मग पाण्याची नवी ५०० लिटरची टाकी आणली. मग म्हणे गच्चीवर ठेवू. ओळखीचे एक सिव्हिल इंजिनिअर आहेत त्यांना फोन लावला तर ते हसलेच, घराच्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे किलो वजन धरून डिझाईन करतात आणि तुमची टाकी म्हणजे नुसतं पाणीच अर्धा टन, ते पण पाऊण चौरस मीटरमध्ये उभं, शेजारी खडीचे दोन वाफे वेगळे. म्हणून आमचं सगळं खाली मागच्या अंगणात, पूर्वेच्या बाजूला आहे. तुमच्या फोटोतली गच्ची बघून कुणी निघालं असेल टाकी चढवायला तर आधी कॉलम-बीम कुठून गेलेत ते विचारून घ्या म्हणावं.

आता रचना. टाकीतलं पाणी पंपानं वर खडीच्या वाफ्यात चढतं, वाफा काठोकाठ भरला की आपोआप सगळा खाली टाकीत रिकामा होतो, परत भरायला लागतो. म्हणजे मुळं भिजतात पण आणि त्यांना हवा पण मिळते. हे रिकामं होण्यासाठी एक बेल सायफन असतो, एका उभ्या पाईपवर उलटी टोपी घातल्यासारखा, आणि आमचं पोरगं दोन दिवस त्याच्याशी झुंजत होतं, पाणी पाईपच्या काठावरनं नुसतं झिरपत राहायचं, सायफन काही ओढायचा नाही. सासूबाई दारात बसून बघत होत्या. आत गेल्या आणि त्यांच्या माहेरचा पितळी वसुदेवाचा प्याला घेऊन आल्या. ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगते, प्याल्याच्या मध्ये वसुदेव उभा असतो, डोक्यावर बाळकृष्ण, पाणी ओतत गेलं आणि ते कृष्णाच्या पायाला लागलं की यमुना ओसरते तसं सगळंच्या सगळं पाणी खालच्या भोकातून निघून जातं. म्हणाल्या, "ह्येच की ते. पण असं थेंब थेंब ओतून हुतंय व्हय, जरा जोरात ओत की." पंपाचा कॉक पूर्ण उघडला आणि पाण्याचा जोर वाढल्याबरोबर सायफननं घटाघटा ओढलं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे त्याचं, हे तुम्ही छापलं नाही तरी चालेल.

खडी आपली काळी, क्रशरची, साधारण पाऊण इंची. यात एक गोष्ट चांगली झाली, व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून मुलानं खडीवर व्हिनेगर टाकून बघितलं. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी कायमचं जड-चुनखडी करत राहणार. काळा दगड शांत बसला, पण नदीतली गोटे-वाळू म्हणून एकानं जे पोतं दिलं होतं त्यातले पांढरे खडे सोड्यासारखे फसफसले. ते पोतं कुंड्यांखाली गेलं. काळी खडी पण चार-पाच वेळा धुतली तेव्हा कुठं पाणी नितळ यायला लागलं, आणि ते धुवायला जे पाणी गेलं त्याचा हिशेब माझ्या वहीत आहे, तो पुढं सांगते.

मग मासे. आम्ही लिंगायत, घरात कधी अंडं आलेलं नाही, त्यामुळे सासूबाईंचा पहिला प्रश्न, "कापणार नाहीस न्हवं?" नाही म्हटलं. "मग असू दे. सिद्धेश्वराच्या तळ्यात न्हाईत काय." तिथून ते मासे त्यांचे झाले. पंचवीस कोई, म्हणजे शोभेचे मासे, आणले, बोटाएवढे, केशरी आणि पांढरे. निम्मी टाकी नळाच्या पाण्यानं भरली होती, पण नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, तोवर कोण थांबणार, म्हणून उरलेली निम्मी टँकरच्या बोअरच्या पाण्यानं. मासे टाकल्याच्या पहिल्या दिवसापासून सासूबाई तळ्यावर टाकतात तसे मूठ मूठ चुरमुरे टाकायच्या, मासे यायचे वर, त्या खूश, मी पण खूश.

सहाव्या दिवशी सकाळी तीन मासे तरंगत होते. सातव्या दिवशी सात. दहाव्या दिवशी चार मासे उरले होते आणि सासूबाई देवघरातून बाहेर येईनात. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला पाणी तर स्वच्छ दिसतंय, थंडीनं गेले असतील, अजून घेऊन जा.

इथंच सगळी मेख आहे आणि हेच लेखात नाही. पाणी स्वच्छ दिसतं. मासा कल्ल्यातूनच अमोनिया सोडत असतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो, आणि अमोनियाला रंग नाही. झाडं तो बऱ्यापैकी खातात पण कोवळ्या चार रोपांनी काय होणार. हे काम खरं तर जिवाणूंचं असतं. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, नायट्रोसोमोनास म्हणतात तिला, आणि नायट्राइट पण विषारीच, ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही. दुसरी जात, नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा, त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे भाजीचं जेवण. ही दोन्ही मंडळी खडीवर वस्तीला आली पाहिजेत, आणि नवीन खडीवर ती नसतातच. म्हणजे आम्ही पंचवीस पाहुण्यांना घरात बोलावलं आणि स्वयंपाकघरच बांधलेलं नाही, संडास तर नाहीच नाही.

टेस्ट किट मागवलं, त्याचे पैसे देताना जीव गेला पण ते आधी घ्यायचं होतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर अमोनिया. आमचं एकदम हिरवंगार, ४ पीपीएम, म्हणजे लिटरला ४ मिलिग्राम. आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, ८.२, बोअरच्या पाण्याची कृपा. यात अजून एक खोच आहे जी मला मुलानं फोनवर समजावली, अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक माशाला फार त्रास देत नाही आणि एक जीव घेतो, आणि पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही त्या दुसऱ्या रूपात नसतो पण ८.२ ला आणि कोमट पाण्यात तोच दहा भागांच्या आसपास जातो. म्हणजे व्हिडिओतल्या माणसाच्या मऊ पाण्यात जे मासे तगले असते ते आमच्या बोअरच्या पाण्यात गेले. आपल्याकडचं पाणी किती जड आहे ते आपल्या गिझरच्या कॉईलला विचारा, बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते त्यावरनं कळतंच की.

तर मग काय केलं. सात रस्त्याला माझी मावसबहीण राहते, तिच्याकडं सहा-सात वर्षं जुना फिश टँक आहे. तिच्या फिल्टरमधला काळाकुट्ट चिकट स्पंज तिनं फेकायला काढला होता, तो मी ओल्या पिशवीत घालून रिक्षातून घेऊन आले आणि खडीत पुरला. सासूबाईंनी विचारलं, "ही काय घाण आणालीस गं?" मी म्हटलं विरजण आहे. त्यांना पुढं एक अक्षर सांगावं लागलं नाही. दूध नुसतं ठेवलं तर नासतं, चमचाभर विरजण लावलं की दही होतं, फरक एवढाच की दही एका रात्रीत लागतं आणि हे विरजण लागायला चार ते सहा आठवडे, कारण हे जिवाणू फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायलाच अर्धा-एक दिवस घेतात, आणि थंडीत अजून हळू. आमचं डिसेंबरात चाललं होतं.

त्या सहा आठवड्यात बघण्यासारखं काहीच घडत नाही. चार मासे, चिमूटभर खाणं, तेसुद्धा पाच मिनिटात संपेल एवढंच, चुरमुरे पूर्ण बंद (यावरून घरात दोन दिवस अबोला होता), दर दोन दिवसांनी टेस्ट, आणि अमोनिया वाढला की चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नायट्राइट वर गेलं तेव्हा लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं अर्धा किलो जाडं मीठ टाकलं, मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यातून आत जायला अडतं म्हणे. मासे तगले. बदललेलं पाणी मोरीत न घालवता जास्वंदीला घातलं, ती मात्र अशी फुलली की शेजारीण पूजेला फुलं मागायला यायला लागली.

आणि मध्ये एक घोळ झाला. पाण्याचा दिवस होता. सोलापूरकरांना पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको, हंडे, पिंप, पातेली, जे काही पोकळ असेल ते भरायचं. मिस्टरांनी त्या भरात नळाची पाईप सरळ माशांच्या टाकीत सोडली. ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच घातलेलं असतं, त्यानं आमचे पाळलेले जंतूही मारले. पुढच्या टेस्टला परत हिरवं. एक आठवडा मागं गेलो. तेच पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवलं की क्लोरीन उडून जातं. एरवी चार दिवस साठवलेलं पाणी प्यायला लागतं म्हणून आपण कुरकुरतो, या कामाला मात्र शिळं पाणीच बरं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला लोक चालले होते त्या आठवड्यात पहिल्यांदा दोन्ही टेस्ट चांगल्या आल्या, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट दिसायला लागलं. मग थोडे गप्पी मासे आणि आठ नवीन कोई असं थोडं थोडं करून आणलं. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याचे लोक टाक्यांत सोडायला सांगतात ते हेच गप्पी, चिवट असतात आणि डासांच्या अळ्या खातात, सुरुवात करायला यांच्यासारखे मासे नाहीत असं माझं मत झालंय. कुणीतरी मांगूर टाका, मरतच नाही असंही सुचवलं होतं. साहेब, विदेशी मांगूरवर आपल्याकडं बंदी आहे, हे तरी पुढच्या वेळी चौकटीत छापा. आणि उजनी धरणातली चिलापी (तिलापिया) आणून सोडायचाही सल्ला मिळाला, ती पाळायला पण नियम आहेत, परवानगी लागते, आणि आम्हाला तर खायचेच नाहीत.

मग पालक आला. असा आला की मी रोज सकाळी चहा घेऊन तिथंच बसायचे. पुदिना तर आवरेना, अळूची पानं सुपाएवढी, तेवढ्या अळूवड्या आमच्या घरात कधी झाल्या नव्हत्या. मेथीचं काही जमलं नाही आणि मुळा खडीत वाकडातिकडा होऊन बसला, तो माझा मूर्खपणा, खडीत मुळा कुणी लावतं का. पालक पहिल्यांदा ताटात आला तेव्हा आमच्या नणंदबाई आल्या होत्या, त्यांनी भाजीला हात लावला नाही. म्हणाल्या माशाच्या पाण्यावरची भाजी आपल्याला चालते का? मी गप्प. सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता उत्तर दिलं, "शेणावर आलेली चालती की न्हाई? मग ही बी चालती. कुणाला मारलं न्हाई." विषय संपला. शेणावरून आठवलं, शेजारच्या काकांनी प्रेमानं सांगितलं होतं थोडं जीवामृत ओता म्हणून, ते करू नका. गाई-म्हशीच्या, कबुतराच्या, मांजराच्या घाणीतले रोगजंतू त्या पाण्यात गेले तर ते पानांवर येऊ शकतात. आम्ही वर जाळी लावलीये कबुतरांसाठी. आणि पानांवर मावा कीड पडली म्हणून तंबाखूचं पाणी फवारू नका, मासे जातील.

मार्चमध्ये पालक पिवळा पडला. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, तीही आधी कोवळ्या पानांवर. यात चूक माझी होती आणि मला ती करताना हुशारी वाटत होती. आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते मी पाणी वाचवायचं म्हणून रोज टाकीत घालत होते. आरओ काय करतो, गोडं पाणी तुम्हाला देतो आणि सगळे क्षार त्या वाया पाण्यात ढकलतो, आणि मी तेच पाणी माशांना पाजत होते. टाकीतलं पाणी उडून जातं पण क्षार उडत नाहीत, ते साचत जातात, पीएच चढत जातो आणि मग पाण्यात लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. माशांच्या खाण्यात लोह तसंही कमीच असतं म्हणतात.

याचं औषध मला पुण्याच्या व्हिडिओत नाही, मार्केट यार्डाजवळच्या खताच्या दुकानात मिळालं. पानं दाखवली तर तो माणूस म्हणाला, "डाळिंब का?" म्हटलं पालक. म्हणाला चुनखडीच्या रानात डाळिंब-द्राक्ष असंच पिवळं पडतं, तुम्हाला ईडीडीएचए वालं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल असं बांधलेलं, लागतंय, ईडीटीए वालं घेऊ नका, जड पाण्यात ते टिकत नाही. फक्त चिमूटभर लागतं. टाकलं तर पाणी लालभडक झालं, सासूबाई घाबरल्या, मला पण घाम फुटला, पण माशांना काही झालं नाही आणि दहा-बारा दिवसात नवीन पानं हिरवी यायला लागली. सांगायचं काय, आपल्या जिल्ह्यात डाळिंबवाल्यांना जे पाठ आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ते ज्ञान इथंच पडलेलं असताना तुमच्या लेखात मात्र लेट्युस आणि विलायती बेसिल.

एप्रिल-मे बद्दल थोडक्यात लिहिणार होते पण जमणार नाही. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत टाकीतलं पाणी ३४ वर गेलं. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते, २० अंशाच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त ९ मिलिग्रामच्या आसपास मावतो आणि ३५ ला तो ७ वर येतो, आणि त्याच वेळी माशाला आणि जिवाणूंना दोघांनाही जास्त लागतो. हिरवं शेडनेट बांधलं. त्यानं भागेना. मग मिस्टरांनी कारखान्यातले सेकंडचे टॉवेल आणले, टाकीभोवती गुंडाळले आणि सुतळीनं बांधून त्यावर सकाळ-दुपार पाणी मारलं, माठासारखं. दुपारी बर्फाची बाटली सोडायची. पाणी ३० च्या खाली आलं. सोलापुरी टॉवेलचा हा उपयोग कुठल्या जाहिरातीत नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री वळीव आला, वारा सुटला आणि अकराला लाईट गेली. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पहिला कूलरचा पंप आधीच जळलेला (तो सतत चालायला बनवलेलाच नसतो हे तीन आठवड्यात कळलं होतं), नवीन चांगला होता पण लाईटच नाही तर काय करणार. मी तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचावरून परत टाकीत ओतायला सुरुवात केली, धार पडली की पाण्यात हवा जाते. हात भरून आला की मिस्टर, मग ते थकले की परत मी. सासूबाई खुर्ची टाकून बॅटरी धरून बसलेल्या, मधेच म्हणाल्या, "महादेवाला पण एवढा अभिषेक घातला न्हाई तू." अडीचला लाईट आली. एकही मासा गेला नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला, तो आता कायम चार्ज करून ठेवलेला असतो. लेखात पंपाचा उल्लेख आहे, लाईट गेल्यावर काय, ते नाही.

आता ते ९० टक्के पाण्याचं. मी हिशेबवाली बाई आहे, वहीत लिहून ठेवलंय. खडी धुवायला आणि पहिली टाकी भरायला मिळून बाराशे लिटर. थंडीत रोज तीन-चार लिटर घालावं लागायचं, मे महिन्यात रोज बारा, म्हणजे जवळजवळ बादली. खडीचा वरचा दोन इंच थर कोरडा राहील अशी पातळी खाली केली आणि टाकीवर झाकण घातलं तेव्हा ते आठवर आलं. तेवढाच पालक मातीच्या वाफ्यात घेतला असता तर याहून बरंच जास्त पाणी लागलं असतं हे मला मान्य आहे, शेतीशी तुलना केली तर वाचतंच. पण शेतकरी विहिरीचं पाणी देतो आणि मी पिंपातलं, जे पाच दिवस पुरवायचं असतं. उजनी मायनसमध्ये गेली की तुमच्याच पेपरात रोज आकडा येतो, धरण उशाला आणि कोरड घशाला अशी आपली गत, तिथं ९० टक्के वाचतं एवढंच वाक्य छापून कसं चालेल? जूनमध्ये पावसाचं गच्चीवरचं पाणी पाईपनं टाकीत घेतलं, ते मऊ असतं, पीएच आपोआप ७.४ वर आला, इतके दिवस जे मी औषधानं करत होते ते दोन सरींनी केलं. मला विचाराल तर ज्यांच्याकडं पावसाचं पाणी साठवायची सोय नाही त्यांनी सोलापुरात हे सुरूच करू नये.

पैशाचंही सांगते. आतापर्यंत खर्च १३,८०० रुपये, त्यात जळलेला पंप आणि मेलेले मासे आले. पंप १८ वॅटचा, महिन्याला १३ युनिट. उत्पन्न म्हणाल तर बाजारभावानं सगळी भाजी मिळून २,१०० रुपयांची. मंगळवारच्या बाजारात जुडी काय भावानं मिळते ते सगळ्यांना माहितीये. त्यामुळे हल्ली मोबाईलवर ज्या जाहिराती येतात, घरबसल्या ॲक्वापोनिक्स करा, महिन्याला लाख कमवा, भाजी आम्हीच विकत घेतो, त्या बघून कुणी सोनं गहाण ठेवू नये. तुमच्या त्या पानाच्या खाली पण तसलीच एक जाहिरात होती, हे बरोबर नाही साहेब. आवड म्हणून करायचं असेल तर करा, मी बंद करणार नाहीये, पण पैशासाठी नको.

माझ्या दोनच मागण्या आहेत. एक, पुढचा लेख द्याल तेव्हा त्यात पहिले सहा आठवडे आणि मे महिना येऊ द्या, आणि फोटो सोलापूरच्या अंगणातला छापा, आमच्याकडं या, चहा देईन. दुसरी, कृषी विज्ञान केंद्र नाहीतर मत्स्य खात्याच्या लोकांना सांगून बायकांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यायला लावा, मराठीत, कारण टेस्ट किटचा कागद इंग्रजीत, खाण्याच्या पाकिटावरचं इंग्रजीत, आणि माझ्यासारखीला फोनवर मुलाला गाठायचं तर त्याची परीक्षा चालू असते.

पत्र लांबलंय, कात्री लावा, फक्त विरजणाचं कापू नका. आणि माझं नाव छापू नका, गल्लीत आत्ताच मासेवाली म्हणायला लागलेत. पत्ता तुमच्याकडं ठेवा आणि कुणी खरंच सुरू करणार असेल तर द्या. माझ्या खडीवर आता चांगलं विरजण लागलंय, मूठभर ओली खडी घेऊन जायला झाकणाचा डबा आणावा. दुपारी दोन ते चार येऊ नये, सासूबाई झोपतात, आणि येताना माशांसाठी चुरमुरे आणू नयेत.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर